नवऱ्याशेजारची जागा

शैलोबेकचा देह रिवाजाप्रमाणे तीन दिवस अंगणातल्या तंबूत होता, पण गावचं कब्रस्तान त्याला जागा देईना.

"तो शेवटी आपल्या धर्मात परतला होता, एवढंच सगळ्यांसमोर म्हण," गावातले वडीलधारे असानबाय त्याच्या बायकोला, बेगिमायला म्हणाले. "लगेच खड्डा खणतो."

बेगिमायने मनातल्या मनात येशूचा धावा केला. "खोटं नाही बोलणार, बाबा."

असानबाय आणि बरोबरची माणसं निघाली. तेवढ्यात सासू दारात आडवी आली. मुलगा ख्रिस्ती झाल्यापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"माझ्या नवऱ्याशेजारची जागा माझी आहे ना? तिथे ठेवा त्याला."

"आणि तुमचं काय, वहिनी?" असानबायांनी विचारलं.

"मला टाका बाहेर माळावर. पाच वर्षं पोराशी बोलले नाही, आता त्याची जागाही अडवून बसू?"