शनिवारचा मोर्चा

"पाहुण्यांनो, आमची घरं सोडा!" टेलरकाकू नगरपालिकेच्या दारात ओरडल्या.

"घरं सोडा!" मागून चाळीस कोवळे आवाज उठले.

काकूंचा ऊर भरून आला. पहिल्या शनिवारी त्यांच्यासकट पाचच डोकी होती, आणि नगरपालिकेच्या शिपायाने मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

काकूंच्या इमारतीतल्या अकरापैकी नऊ बिऱ्हाडं मालकाने उठवली होती. त्या खोल्यांत आता दर दोन दिवसांनी नवे पाहुणे, शहर बघायला आलेले. जिन्यावर चाकांच्या बॅगा धडाधडा आपटायच्या. काकू मशीनवर बसलेल्या असताना कुणीही दारात उभं राहून खुशाल फोटो काढायचं, जसं काही प्राणिसंग्रहालयच! आणि आता काकूंनाही महिन्याभरात खोली रिकामी करायची नोटीस आली होती. तीस वर्षं संसार केलेली खोली, कुणाच्या तरी दोन दिवसांच्या मौजेसाठी! अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

मग दुसऱ्या शनिवारपासून ही पोरं येऊ लागली. त्यांना घेऊन येणारा शिट्टीवाला म्हणजे देवमाणूस. चारच्या ठोक्याला हजर. पोरांच्या मनगटांवर पिवळ्या पट्ट्या, हातांत नवेकोरे फलक. चेहरे मात्र दर खेपेला वेगळे.

"आपण या पिढीला उगाच नावं ठेवतो," काकू तळमजल्यावरच्या पोस्टमनदादांना म्हणाल्या. "गर्दीचा त्यांनाही वीट आलाय."

"नाहीतर आपली पोरं! एक फिरकेल तर शपथ," दादा करवादले.

तेवढ्यात नगरपालिकेचे साहेब पायऱ्या उतरून चक्क खाली आले. त्यांनी काकूंचा अर्ज हातात घेतला, गर्दीवरून नजर फिरवली.

"एवढे लोक रस्त्यावर उतरलेत, म्हणजे विचार करायला हवा. पुढच्या शनिवारी निकाल देतो. तोवर यांच्या खोलीला कुणी हात लावायचा नाही."

काकूंना रडू फुटलं. घोषणा देऊन घसा बसलेल्या एका मुलीने त्यांना मिठी मारली. तिचेही डोळे पाणावले होते.

"तुमच्यामुळे झालं गं हे, बाळा. राहतेस कुठे?"

"तुमच्याच इमारतीत, काकू. तिसऱ्या मजल्यावर. काल आलो, उद्या निघणार."

काकूंची मिठी सैल झाली.

"या शहरात जिथे जावं तिथे नुसती झुंबड. आम्हाला नाही आवडत तसलं फिरणं," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "शिट्टीवाल्या दादांच्या सहलींच्या यादीत हा मोर्चा दिसला आणि लगेच ठरवलं. किती खऱ्या आहात तुम्ही! पैसे वसूल झाले."

तिने फोन काढला आणि काकूंना जवळ ओढून फोटो घेतला.

"पुढच्या महिन्यात माझी बहीण येतेय. तिचंही बुकिंग करून टाकते. तोवर तुमचं मिटणार नाही ना, काकू?"