चार इंचांचा जोड

चार इंच कमी पडत होते. पाचव्यांदा टेप लावला म्हणून फळी काही वाढत नाही, पण निवृत्त कंपाउंडरने तो लावलाच. फळी सव्वीस इंच रुंद, आणि त्याच्या छोट्या आगगाडीला वळायला लागतात तीस. वळण त्याहून घट्ट केलं की इंजिन कसंबसं निघायचं आणि मागचे डबे आडवे व्हायचे.

दारात मेहुणा सुतळीचं बंडल घेऊन हजर. ठरलंच होतं तसं. या एका खोलीत आज, रविवारी, दुपारपर्यंत गाडी फिरली तर फिरली. नाही तर इंजिन, नऊ डबे, रूळ, सगळं मेहुण्याच्या ऐसपैस हॉलमध्ये.

"भाऊजी, हट्ट सोडा आता. माझ्याकडे येऊन बघत जा की."

"दुसऱ्याच्या घरी जाऊन बघायची, ती आपली गाडी कसली?" कंपाउंडर म्हणाला. महिनाभर तो कागदाचे रूळ कापून फळीवर मांडत होता. आधी बोगदा गाळला, मग स्टेशन गाळलं. आता गाळायला काही उरलं नव्हतं. त्याने पहिला डबा उचलला आणि कापसात गुंडाळायला घेतला.

खिडकीशी त्याची बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. गल्लीभरचे कपडे तिच्याकडे यायचे. महिनाभर तिचं एकच पालुपद चालू होतं, हा पसारा एकदाचा जाऊ दे म्हणून. तिने नवऱ्याच्या हातातल्या कापसाकडे पाहिलं, दोरा तोडला आणि उठून फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, कापड कमी पडलं की मी काय करते?"

"गिऱ्हाइकाला परत पाठवतेस."

"डोंबल! जोड देते. काखेत, कुणाच्या नजरेला येणार नाही असा."

"फळीला काख कुठून आणू?"

ती भावावर खेकसली, "बघतोस काय? धर एका बाजूनं!" दोघांनी मशीन उचलून कोपऱ्यात नेलं आणि फळी खिडकीला भिडवली. खिडकीखाली, भिंतीच्या जाडीत, सहा इंच रुंद कड होती. तिच्या दोऱ्यांच्या रिळांची ती जागा. रिळं तिने टोपलीत ओतली. फळी दोन बोटं खाली राहत होती, तर फळीच्या पायांखाली फॅशनची जुनी पुस्तकं सारली. मग शिवणाचा खडू घेऊन तिने फळीवरून कडेवर आणि कडेवरून परत फळीवर असं एका दमात वळण काढलं. हात जराही अडखळला नाही.

"सव्वीस आणि सहा किती?"

"बत्तीस," कंपाउंडर पुटपुटला. आणि मग ओरडला, "अगं, बत्तीस!" महिनाभरात त्याने खोलीतलं सगळं मोजलं होतं, कपाटाचं डोकंसुद्धा. पण खिडकी तिची, ती मोजायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रूळ जोडायला तासभर गेला. मेहुण्यानेही सुतळी बाजूला टाकून दोन सांधे दाबले. कंपाउंडरने बटण फिरवलं. इंजिन सरळ धावलं, वळणाला लागलं, फळी सोडून कडेवर चढलं. मागोमाग एक, दोन, तीन... नवव्या डब्यापर्यंत कुणी श्वास घेतला नाही. नववा डबा जरा डुलला आणि सरळ झाला.

"गेली! गेली!" कंपाउंडरने दोन्ही मुठी वर केल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू. मेहुण्याने टाळ्या पिटल्या. मग कोपऱ्यात, अंधारात, भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मशीनकडे त्याचं लक्ष गेलं.

"अगं ताई, पण तू आता उजेडाशिवाय शिवणार कशी?"

ती फळीवर कोपरं टेकून, हनुवटी रुळांशी नेऊन बसली होती.

"गप रे," ती म्हणाली. "गाडी येतेय."