झाडाचं तोंड

इंटर्नशिपचे दोन महिने नुसतं लॉनला पाइपनं पाणी घालणाऱ्या कॉलेजकुमारीच्या हातात मुकादमानं शेवटच्या दिवशी चक्क क्रेनवाल्याला इशारे द्यायची शिट्टी ठेवली. "आज झाड तू बसवायचंस!" क्रेनला भलंमोठं झाड लटकत होतं. झाडालाही तोंड असतं, म्हणजे त्याची भरगच्च बाजू, हे मुकादमानंच तिला शिकवलं होतं. "तोंड ऑफिसच्या दाराकडे!" मॅनेजरनं फर्मान सोडलं. तिनं फाटकाकडे पाहिलं. तिथे वॉचमनकाका स्टुलावर उन्हात भाजत बसले होते. तिनं शिट्टी फुंकली, हात गरकन फिरवला. झाड हवेतच वळलं आणि फाटकाकडे तोंड करून खड्ड्यात बसलं. मॅनेजर खेकसला, "हे काय केलंस?" "साहेब," मुकादम शांतपणे म्हणाला, "पाहुणे फाटकातूनच येतात. त्यांना झाडाची पाठ दाखवायची?" वॉचमनकाकांनी हळूच स्टूल झाडाच्या दाट सावलीत सरकवलं. तिनं उगाचच आणखी एकदा शिट्टी फुंकली.