शाकाहारी कातडी

विज्ञानाने हिंसेवर अखेर विजय मिळवला आहे, असं परवाना कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. त्याच भिंतीला टेकून वसुधा चौबळ अडीच तास उभी होती.

स्फोटात भाजलेल्या तिच्या नवऱ्यासाठी प्रयोगशाळेने त्याच्याच पेशींपासून नवी कातडी वाढवली होती. पूर्वीसारखं वासराचं रक्त न वापरता, कायद्याप्रमाणे वाटाण्याच्या प्रथिनांवर. पण शाकाहारी असल्याच्या हिरव्या ठिपक्याशिवाय ती लावता येत नव्हती, आणि आज लावली नाही तर तो उद्या नसेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"ताई, यात प्राण्याचा अंश आहे," निरीक्षक हेबाळकर म्हणाले.

"कुठल्या प्राण्याचा?"

"माणसाचा. प्रयोगशाळेनेच अर्जात लिहिलंय."

"अहो, तो माझा नवरा आहे!"

"असेल. पण त्यांना वनस्पतीत कसं धरू?"

"मग लाल ठिपका द्या. काळा द्या. पाया पडते साहेब, पण आज द्या!"

"लाल ठिपक्याचा माल रुग्णालयात चालत नाही."

हेबाळकरांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियमाप्रमाणे तपासणीला आलेली कातडी नष्ट करायला पाठवली. "नवी करून घ्या," ते हळूच म्हणाले, "आणि 'प्राण्याचा अंश' या रकान्यात 'नाही' लिहायला सांगा."

कातडी वाढायला एकवीस दिवस लागतात.