कानसेन

आमचा दादा मोठा कानसेन. बारीकसारीक आवाजही ऐकवणारी नवी उंची ऑडिओ डिस्क त्याने सिनेमाच्या प्लेअरमध्ये सरकवली. पडद्याच्या उजेडाने म्हणे सूर बिघडतात, म्हणून टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, आमची तोंडंही बंद केली.

बराच वेळ काहीच वाजलं नाही.

"ही शांतता ऐका! जराही खरखर नाही," डोळे मिटून दादा म्हणाला. "आणि हा गायकाचा श्वास! साध्या डिस्कवर जन्मात ऐकू आला नसता."

आम्हीही जाणकारांसारख्या माना डोलावल्या.

तेवढ्यात वहिनीने येऊन टीव्ही लावला. पडद्यावर लिहिलं होतं, 'या प्लेअरवर ही डिस्क चालत नाही.'

 

"अहो," वहिनी दादाला म्हणाली, "आतल्या खोलीत बाबांना धाप लागलीय. मघापासून दम्याचा पंप मागतायत!"