दोन बटणं, एक कमांड

“तीन महिन्यांत एकही नकार नाही. एवढी गोड माणसं आपल्या गावात नाहीत हो,” वधूवर मंडळाच्या पेंढारकरबाई मंदारला म्हणाल्या.

मंडळाचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. कोड उघडताच त्याला चूक दिसली. ‘पसंत’ बटणाची नक्कल करून त्याने ‘नापसंत’ बटण केलं होतं. वरचं नाव बदललं, पण त्याला जोडलेली कमांड बदलायची राहून गेली होती. कुठलंही बटण दाबा, समोरच्याला होकारच जायचा.

शेजारी गार्गी बसली होती. त्यांचं इथेच जमलेलं, साखरपुडा रविवारी. खरं तर मंदारने नापसंत दाबलं होतं. पण तिचा होकार आला, आणि हो म्हणणाऱ्या मुलीला नाही कसं म्हणायचं, म्हणून तो गप्प बसला. पुढे ती आवडायलाही लागली.

“काय बिघडलंय?” बाईंनी विचारलं.

“नापसंत दाबलं तरी पसंतच जातंय,” तो पुटपुटला.

“तरीच,” गार्गी म्हणाली. मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिने विचारलं, “तूही तेच दाबलंस?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“रविवारचं तसंच राहू द्या, बाई,” ती म्हणाली. “आमचं पहिल्यापासून एकमत आहे.”