सदतीस साल
आमच्या तैवानात वर्षं प्रजासत्ताकापासून मोजतात: १९१२ म्हणजे साल एक. “सर, सरकारी मदतीच्या अर्जाचं वेबपान आपल्या भाषेत आणलं, पण आपली सालगणना बसवायची राहिलीय,” यू-शेंग म्हणाला. “शुक्रवार आहे! पान चालू कर,” मी खेकसलो. “म्हातारे विचारतील नातवंडांना.” त्याच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आईने कुणालाच विचारलं नाही. प्राणवायूच्या यंत्रासाठी तिने स्वतः अर्ज भरला: जन्मसाल सदतीस. पानाने ते दोन हजार सदतीस धरलं. टपालाने उत्तर आलं: अर्जदाराचा जन्म अजून झालेला नाही. तिने अर्ज पाचदा भरला, पाचदा तेच पत्र आलं. शेजारीण म्हणाली, “अगं, लेकाला सांग ना!” “पान त्यानेच बनवलंय. चूक माझीच असणार.” अंत्यविधीच्या दिवशी तांदळाच्या डब्यात पाचही पत्रं सापडली. सोमवारी यू-शेंगने राहिलेली ओळ टाकली आणि त्याच संकेतस्थळावर आईच्या मृत्यूची नोंद भरली. साल एकशे चौदा. पान क्षणात पुढे सरकलं. “सर,” तो म्हणाला, “आता घेतंय.”